ओपनकास्ट (वरून उघडी खणलेल्या) कोळसा खाणीत पाणी नि गाळ कसा आवरायचा

आधी बाहेरचं स्वच्छ पाणी खाणीत शिरूच देऊ नका, वरच्या अंगाला चर खणून बाजूनं काढून द्या, कारण एकदा का ते कोळशाच्या भुकटीत मिसळलं की सगळं तुम्हालाच निवळत बसावं लागतं. आतलं पाणी तळाच्या संपमधून (पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्यातून) पंपानं सेटलिंग पाँडमध्ये, म्हणजे गाळ खाली बसायच्या तळ्यात. पाँडचं इनलेट नि आउटलेट लांब लांब ठेवा, जवळ असली तर गढूळ पाणी सरळ पळतं (ही चूक फार जण करतात). बाटलीत पाणी भरून रात्रभर ठेवून बघा, वाळू लगेच बसते पण चिकणमाती तरंगतच राहते, मग तुरटी किंवा फ्लॉक्युलंट (बारीक कण एकत्र करून खाली बसवणारं रसायन) लागतंच. डंपच्या (खणून काढलेल्या माती-दगडाच्या ढिगाऱ्याच्या) उतारावर गवत लावा, आणि पाँडमधला गाळ मोठ्या पावसाआधीच उपसा.