बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या) पोरांना डाएट शिकवायचंय? आधी त्यांचाच चहा मोजा

डाएट काउन्सेलिंगचं लेक्चर म्हटलं की व्हिटॅमिन्सचा तक्ता स्लाइडवर येतो, पोरं फोटो काढतात, पेपरात उतरवतात आणि ओपीडीत पेशंटसमोर बसली की तोंडातून एकच वाक्य निघतं, "गोड कमी खा." पेशंट मान डोलावतो, झालं. तक्ता पुस्तकात आहेच, तो राहू द्या तिथेच.

पोरांना स्वतःची तीन दिवसांची डायरी लिहायला लावा, त्यात एक रविवार हवाच कारण हॉस्टेलचा रविवार म्हणजे वेगळंच प्रकरण. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, चहा, कफ सिरप सगळं. मग जिथे जिथे साखर तोंडात गेली तिथे लाल गोल करायचा. आता फळ्यावर स्टीफन कर्व्ह काढा: साखर गेली की प्लाकचा, म्हणजे दातांवरच्या जंतूंच्या थराचा, पीएच (तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) काही मिनिटांत ५.५ च्या खाली जातो, इनॅमलमधली (दाताच्या वरच्या कडक थरातली) खनिजं विरघळायला लागतात आणि पीएच परत वर यायला अर्धा ते एक तास जातो. दर गोलाला अर्धा तास धरून दिवसाची पट्टी रंगवायला सांगा. दुपारभर कटिंग मारत बसणाऱ्याची पट्टी लालेलाल होते, जेवणासोबत दोन गुलाबजाम हाणणाऱ्याची तेवढी नाही, आणि फ्रिक्वेन्सी, म्हणजे साखर दिवसात किती वेळा तोंडात जाते, ते का महत्त्वाचं हे वेगळं सांगावं लागत नाही. अर्थात गुलाबजामला सूट नाही हां, डब्ल्यूएचओने २०१५ मध्ये फ्री शुगर्स (वरून घातलेली साखर, शिवाय मध आणि फळांच्या रसातली) एकूण कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या आत आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलंय, ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम.

पुढच्या तासाला एकाला ग्लुकोज बिस्किट द्या, दुसऱ्याला भाजलेले शेंगदाणे, दहा मिनिटांनी माउथ मिररने दाढा बघायला लावा. बिस्किटवाल्याच्या खाचांमध्ये पांढरा लगदा अजून बसलेला असतो.

हिस्टरी घेण्याची प्रॅक्टिस मात्र भरपूर करून घ्या, खरी गंमत तिथेच आहे. "गोड खाता का?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "नाही हो डॉक्टर, अजिबात नाही." बिस्किट, टोस्ट, चहातली साखर आपल्याकडे गोडात धरतच नाहीत आणि गूळ तर औषधच! म्हणून असं विचारायचं, "काकू, कालचा दिवस सांगा, उठल्यावर पहिलं काय घेतलं? त्याच्यासोबत काय? मग जेवणापर्यंत?" एकीला काकू करा, एकीला डॉक्टर, बाकीच्यांनी काय सुटलं ते पकडायचं. लहान मुलाच्या आईला रात्रीच्या बाटलीचं विचारायलाच हवं, दुधात साखर घालता का, बाटली तोंडात ठेवूनच झोपतो का. वरचे पुढचे दात किडलेत आणि खालचे चांगले असं दिसलं तर हा प्रश्न आधी, कारण खालच्या दातांवर जीभ असते.

तोंड येणं, जीभ गुळगुळीत लाल होणं, ओठांचे कोपरे चिरणं यासाठी बी१२, फोलेट, आयर्नचा एक तास पुरतो, आणि संशय आला तर ब्लड टेस्ट आणि फिजिशियनकडे रेफर, स्वतः गोळ्या लिहीत बसायचं नाही.

मार्क देताना सल्ल्याची चिठ्ठी बघा. तिच्यात एकच बदल लिहिलेला हवा आणि तो पेशंटच्या स्वतःच्या दिवसातला हवा, "चारचा चहा बिनसाखरेचा, बिस्किटाऐवजी शेंगदाणे" असा. दहा सूचना लिहिल्या असतील तर चिठ्ठी परत.