सांधण दरी नाशिकहून: कुठपर्यंत उतरायचं ते आधी ठरवा

सांधणचे बेत फसतात ते बहुतेकदा चढ-उतारामुळे नाही, तर वेळेमुळे. दोर लावायच्या पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊन मागे फिरायचं, की थेट खाली कोकणाच्या अंगाला उतरायचं, हे घरीच ठरवा. पहिला बेत नाशिकहून एका दिवसात होतो. दुसऱ्याला मुक्काम धरायलाच हवा.

दरी आहे अकोले तालुक्यात, साम्रद गावाला लागून. नाशिकहून मुंबई महामार्गाने घोटी, तिथून डावीकडे वळून बारी आणि शेंडी. पेट्रोल घोटीतच भरा. शेंडीहून भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालत साम्रदला दोन रस्ते जातात, एक रतनवाडीवरून, दुसरा घाटघरवरून. एकाने जा, दुसऱ्याने या: रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आहे, घाटघरला कोकणकडा. पहाटे पाचला नाशिक सोडलं तर आठच्या आसपास साम्रद गाठता येतं. एसटीने आलात तर शेंडीपुढे खासगी जीपच. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून नाक्यावर प्रवेशशुल्क भरावं लागतं. ती पावती फेकू नका.

गावात वाटाड्या घ्या आणि दुपारच्या पिठलं-भाकरीचं तेव्हाच सांगून ठेवा. उशिरा सांगून चूल पेटत नाही.

साम्रदहून दहा-पंधरा मिनिटं चाललं की जमीन एकदम दुभंगलेली दिसते. बसाल्टच्या थरांना गेलेली ही भेग आहे, पाण्याने युगानुयुगं कापून खोल केलेली. लांबी साधारण दोन किलोमीटर, खोली दोनशे ते तीनशे फूट. रुंदी मात्र काही जागी इतकी कमी, की दोन्ही हात पसरायलाही जागा उरत नाही. ऊन तळापर्यंत फक्त भर दुपारी, तेही थोडा वेळ पोचतं. म्हणून एप्रिलमध्येही आतलं पाणी झोंबतं.

पाण्याच्या दोन जागा लागतात. पहिली उथळ, गुडघ्याखालची. दुसरी डिसेंबरात कंबरेच्या वर, कधी छातीपर्यंत असते. उन्हाळ्याकडे उतरत जाते. इथे बरेच जण बूट काढून हातात घेतात, आणि तिथेच पाय कापतो किंवा घोटा मुरगळतो, कारण तळाचे दगड दिसत नाहीत. बूट पायातच ठेवा, सुके मोजे पिशवीत. फोन, चाव्या, पाकीट प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून सॅक डोक्यावर घ्या.

त्यापुढे सगळा धोंड्यांचा खेळ. पाण्याने घासून गुळगुळीत झालेले हे दगड कोरडे असताना पकड देतात, पण ओल्या बुटाने पाय टाकला की साबणासारखे सुटतात. पाय टाकण्याआधी दगड तळव्याने दाबून पाहा; डुगडुगला तर दुसरा शोधा. उंच धोंड्यावरून उडी मारू नका, बसून घसरत उतरा. उतरणं सोपं वाटतं, पण परत याच धोंड्यांवर चढायचं आहे हे लक्षात ठेवा. घड्याळात एक वाजला की जिथे असाल तिथून मागे वळा.

पहिला दोराचा टप्पा साधारण पंचेचाळीस फुटांचा. तो उतरून दोर खाली ओढला की वर यायची वाट बंद झाली, हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही. मग पुढचे टप्पे उतरून पायथ्याला मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी करोली घाटाने साम्रदला चढणं किंवा डेहणे गावाकडे निघणं. डेहण्याहून आसनगाव स्टेशन, लोकलने कसारा, कसाऱ्याहून नाशिकची शेअर टॅक्सी. गाडी साम्रदला असेल तर मात्र घाट चढण्यावाचून गत्यंतर नाही. या बेताला हार्नेस (दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा), हेल्मेट आणि दोर हाताळणारा जाणकार नसेल तर विषय सोडून द्या.

जून ते ऑक्टोबर दरीत पाऊल नको. घाटघरचा पाऊस राज्यातल्या सर्वाधिक पावसांपैकी, आणि ते सगळं पाणी याच फटीतून धावतं. बाजूला चढून जायला कपारही नाही. अवकाळीचं आभाळ दिसलं तर मार्चमध्येही हेच.

प्राण्यांसाठी दरीच्या तळाशी जाण्यात अर्थ नाही. तिथे खेकडे, बेडूक, वर भिंतींना पाकोळ्या, एवढंच. खरं बघायचं ते कडेच्या रानात, सकाळी लवकर: झाडाच्या शेंड्याला काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर ते शेकरूचं घरटं. कुत्र्यासारखं भुंकणं ऐकू आलं तर भेकर. बिबट्या आहे, पण दिसेल तो ठसाच. कारवीचं झुडूप सात वर्षांनी एकदा फुलतं, तेव्हा आधी गावात विचारूनच निघा. समोर रतनगड आणि त्याचा खुटा नावाचा सुळका, पलीकडे अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीने उभे असतात.

एक गोष्ट बजावून सांगायची: कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर लावून येऊ नका, आत विडी-सिगारेट पेटवू नका, स्पीकर तर नकोच (रानात गाणी कशाला लागतात, हा वेगळा प्रश्न). माश्या उठल्या तर हातवारे न करता तोंड झाकून दूर व्हा. त्या अरुंद जागेत पळायला वाट नसते.

माणशी तीन लिटर पाणी, चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे, डोक्याची बॅटरी, क्रेप बँडेज. आतलं पाणी पिऊ नका, माणसं त्यातूनच चालतात. कोरडे कपडे गाडीत ठेवा, कारण भिजल्या अंगाने जलाशयाकाठच्या वाऱ्यात संध्याकाळी हुडहुडी भरते.