अपयशाच्या भीतीने काम अडलंय? या चुका टाळा

काम अडलं की आपण म्हणतो, "सुचत नाही." खरं तर पुष्कळदा सुचलेलं असतं, ते उतरवायला हात धजत नाही. अपयशाची भीती उघडपणे क्वचितच समोर येते. ती तयारी म्हणून येते, चोखंदळपणा म्हणून येते, मोठं स्वप्न म्हणूनही येते. त्यामुळे आपण भलत्याच गोष्टीवर उपाय करत बसतो.

एकदम अवाढव्य काम हाती घेणं

ही मला सगळ्यांत घातक चूक वाटते, कारण ती धाडसासारखी दिसते. १९६० साली जॉन अ‍ॅटकिन्सन आणि जॉर्ज लिटविन या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना खुंटीवर रिंगा टाकायला सांगितलं. किती अंतरावर उभं राहायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. यशाची ओढ जास्त आणि धास्ती कमी असलेल्यांनी बहुतेक वेळा मधलं अंतर निवडलं. धास्ती जास्त असलेले तुलनेने अगदी जवळून किंवा फार लांबून टाकत होते. अ‍ॅटकिन्सन यांच्या मांडणीनुसार, जवळून टाकताना चुकण्याचा धोका जवळजवळ नसतो. लांबून चुकलं तर लाज वाटत नाही, तिथून कुणाचीच रिंग बसली नसती.

पहिलंच लेखन म्हणून तीन खंडांची कादंबरी काढणारा आणि जमलेलंच चित्र पुन्हा पुन्हा काढणारा, हे दोघे एकाच भीतीपोटी तसं करत असू शकतात. अशा वेळी मधलं अंतर शोधा: थोड्या बैठकांत पुरं होईल, पण फसण्याची खरी शक्यता असेल असं काम. चार पानांची कथा घ्या आणि तिच्यात आजवर टाळलेला एक प्रसंग लिहा.

शेवटच्या रात्रीवर ढकलणं

याला आपण आळस म्हणतो आणि स्वतःवर चिडतो. पण काम दिल्यावर तुमच्या तोंडून दर वेळी "वेळ मिळाला असता तर..." निघत असेल, तर आळसापलीकडे बघा. स्टीव्हन बर्गलस आणि एडवर्ड जोन्स यांनी १९७८ मध्ये एका प्रयोगातून दाखवलं, की आपलं यश पुन्हा जमेल याची खात्री नसली की माणूस स्वतःच्या वाटेत अडथळा निवडू शकतो. काम फसलं तर दोष अडथळ्याचा, आपल्या कुवतीला धक्का नाही. इथे नुसतं कडक वेळापत्रक पुरत नाही. कच्चा खर्डा, कच्चा आहे असं सांगूनच, मुदतीच्या बराच आधी एका विश्वासू माणसाला दाखवा. एकदा कच्चं काम कुणी पाहिलं की सबबीची गरजच कमी होते.

पहिल्या खर्ड्यातच परीक्षकाला बसवणं

मानसशास्त्रज्ञ तेरेसा अमाबिले यांच्या १९७९ मधल्या अभ्यासात विद्यार्थिनींनी कोलाज केले. कामाचं मूल्यमापन होणार असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांचे कोलाज एकंदरीत कमी सर्जनशील ठरले. लिहिता लिहिताच तपासत बसलो, तर हा परीक्षक आपण स्वतःच होतो. म्हणून रचणं आणि तपासणं एकाच बैठकीत करू नका, मध्ये निदान एक रात्र जाऊ द्या. खोडरबर, मागे जाणारं बटण, कालचं पान पुन्हा वाचणं, हे सगळं तपासण्याच्या दिवसासाठी ठेवा.

अभिप्राय मागतानाही "कसं वाटलं?" असं विचारू नका. त्यावर कौतुक मिळतं किंवा निकाल, आणि दोन्हींतून पुढे काय करायचं ते कळत नाही. "कुठे कंटाळा आला?" असं विचारा.

एवढं करूनही हात हलत नसेल, तर कदाचित प्रश्न भीतीचा नसेल. थकवा असेल, किंवा विषयच मनातून उतरला असेल. ओळखायचं कसं? हे काम कुणालाही दाखवायचं नाही, असं समजून अर्धा तास बसून बघा. हात चालायला लागला तर भीतीच होती. तो खर्डा तसाच खासगी ठेवून पुरा करा. तरीही नाही चालला, तर आधी विश्रांती घ्या, नाहीतर विषय बदला.