साखर चिकटलेले अल्ब्युमिन: नमुना कसा बनवायचा आणि बोरॉनिक आम्लाच्या सेन्सरवर कसा मोजायचा

ग्लायकेशनच्या, म्हणजे प्रथिनाला साखर आपोआप चिकटण्याच्या, सेन्सरवर काम सुरू करणारे बहुतेक जण आधी इलेक्ट्रोडच्या मागे लागतात. खरी अडचण त्याच्या आधीच असते. ज्या नमुन्यावर सेन्सर तपासायचा, त्यात नेमके काय तयार झाले आहे हेच ठाऊक नसते. बोरॉनिक आम्ल ग्लायकेशनची सुरुवातीची अवस्था पकडते, तर फ्लोरेसन्स (प्रकाश पाडल्यावर नमुन्याची चमक) उशिराची. नळी तपकिरी झाली म्हणून ग्लायकेशन उत्तम झाले असे धरायचे आणि इलेक्ट्रोडने काही दाखवले नाही की दोष त्याच्यावर ढकलायचा, हे फार वेळा होते. म्हणून इथे नमुन्यालाच जास्त जागा दिली आहे.

रसायन थोडक्यात असे. ग्लुकोजचे वलय उघडले तरच त्याचा अल्डिहाइड गट प्रथिनातल्या लायसीनच्या अमिनो गटाला भिडतो, आणि पाण्यात लाखभर रेणूंपैकी जेमतेम दोन-तीन उघडे असतात. त्यामुळे ही क्रिया संथ चालते. आधी शिफ बेस बनतो, तो सहज परत फिरतो. काही दिवसांत त्याचे अमाडोरी उत्पादन होते, ते टिकते. पुढे आठवडे-महिन्यांनी एजीई म्हणजे ग्लायकेशनची प्रगत उत्पादने तयार होतात. मधुमेहात मोजतात ते एचबीए१सी हे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकावरच्या व्हॅलिनला चिकटलेले अमाडोरी उत्पादनच आहे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून ते दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते. अल्ब्युमिनचे अर्धायुष्य तीन आठवड्यांच्या आसपास, म्हणून ग्लायकेटेड अल्ब्युमिन मागच्या दोन-तीन आठवड्यांबद्दल बोलते.

नमुना बनवणे

१० मिलिलिटरसाठी १०० मिलिग्रॅम बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन, शक्यतो मेदाम्लरहित), ०.९० ग्रॅम ग्लुकोज आणि जंतू वाढू नयेत म्हणून २ मिलिग्रॅम सोडियम अझाइड घ्या. पीएच ७.४ चा ०.२ मोलर सोडियम फॉस्फेट बफर घेऊन सगळे विरघळवा आणि शेवटी आकारमान १० मिलिलिटर करा. आधीच १० मिलिलिटर बफर ओतू नका, साखर स्वतः बरीच जागा घेते. यात ग्लुकोज ०.५ मोलर येते. उपाशीपोटी रक्तात ते साधारण ५ मिलिमोलर असते, म्हणजे हे त्याच्या शंभरपट. इतके घेतले तरच आठवड्यांत मोजण्याजोगे काही मिळते.

ट्रिस बफर अजिबात नको. त्यात स्वतःचा अमिनो गट आहे, साखर त्यालाही चिकटते. फॉस्फेट या क्रियेला वेगही देतो, म्हणून एका प्रयोगमालेत त्याची संहती बदलू नका. फॉस्फेटमध्ये लोह-तांब्याचा अंश असतो आणि त्यामुळे ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण होऊन एजीई लवकर बनतात. केवळ अमाडोरी अवस्था हवी असेल तर हे धातू बांधून ठेवणारे डीटीपीए १ मिलिमोलर घाला.

०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून निर्जंतुक नळ्यांत गाळा, बूच घट्ट लावा, फॉइलमध्ये गुंडाळा आणि ३७ अंश सेल्सिअसला ठेवा. ०, ३, ७, १४, २१ आणि २८ व्या दिवसासाठी वेगवेगळ्या नळ्या करा. एकच नळी पुन्हा पुन्हा उघडली तर जंतुसंसर्ग ठरलेला. नळी गढूळ दिसली तर टाकून द्या. आठवड्याला पीएच पाहा. क्रियेत आम्ले तयार होतात, आणि ७.२ च्या खाली गेलेला नमुना इतरांशी ताडून पाहू नये.

सोबत तीन नियंत्रण नळ्या हव्यातच. एकीत साखरेविना बीएसए, तीही ३७ अंशालाच, कारण नुसत्या उष्णतेनेही प्रथिन बदलते. दुसरीत प्रथिनाविना ग्लुकोज. तिसरीत सगळे घालून १० मिलिमोलर अमिनोग्वानिडीन. ते मधली डायकार्बोनिल संयुगे पकडते, म्हणून तिथे एजीई कमी आणि अमाडोरी जवळपास तेवढेच दिसायला हवे. तसे दिसले तर तुमच्या दोन मोजण्या खरोखर दोन वेगळ्या गोष्टी मोजत आहेत हे कळते.

अझाइड अत्यंत विषारी आहे. आम्लाशी संपर्क आला की हायड्राझोइक आम्लाची वाफ निघते, आणि तांबे-शिशाच्या नळांत साचले तर स्फोटक क्षार बनतात. पुढे इलेक्ट्रोड सल्फ्युरिक आम्लात स्वच्छ करायचा आहे, तेव्हा अझाइडचा कचरा वेगळ्या बाटलीत जाऊ द्या.

मोकळी साखर काढणे

ही पायरी ढिली राहिली की पुढचे सगळे आकडे खोटे ठरतात. १२ किलोडाल्टनच्या आसपासची डायलिसिस पिशवी घ्या आणि ४ अंशाला १ लिटर सौम्य फॉस्फेट बफरमध्ये ठेवा. पिशवीचा तिसरा हिस्सा रिकामा सोडा. आतली साखर पाणी ओढते आणि तासाभरात पिशवी फुगून टणक होते, काठोकाठ भरलेली असेल तर गाठीपाशी फुटते. १० मिलिलिटरला १ लिटर म्हणजे प्रत्येक बदलाला साखर शंभर पटीने उतरते. आठ-आठ तासांच्या तीन बदलांनंतर ती अर्ध्या मायक्रोमोलरवर येते. ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेज किटने खात्री करा, पण पहिल्या बदलाच्या आधी त्या किटवर विसंबू नका. अझाइड पेरॉक्सिडेजला दाबतो आणि साखर कमी असल्याचा भास होतो. पेरॉक्सिडेज वापरणाऱ्या एलायझा या प्रतिपिंड-चाचणीतही हेच होते.

पिशवी फुगल्यामुळे साखरेच्या नमुन्यातले प्रथिन नियंत्रणापेक्षा पातळ झालेले असते, म्हणून प्रथिन पुन्हा मोजून दोन्ही समान करा. यासाठी बीसीए पद्धत टाळा, ती तांब्याच्या क्षपणावरून प्रथिन मोजते. मोकळी साखरच काय, अमाडोरी उत्पादनही तांब्याचे क्षपण करते आणि प्रथिन जास्त दिसते. ब्रॅडफर्ड ही रंगद्रव्याची पद्धत वापरा, मात्र त्यातला रंग आर्जिनिन-लायसीनला धरतो, तेव्हा खूप ग्लायकेट झालेल्या नमुन्यात आकडा थोडा खाली येतो. २८० नॅनोमीटरवरचे शोषण उलट बाजूला चुकते, कारण तपकिरी उत्पादने तिथे स्वतःच प्रकाश शोषतात. दोन्ही करून पाहा. आकडे एकमेकांपासून फार दूर गेले तर तो नमुना प्रमाण म्हणून वापरू नका.

आत काय बनले ते पाहणे

अमाडोरीसाठी एनबीटी पद्धत. एनबीटी (नायट्रोब्लू टेट्राझोलियम) चे अमाडोरी उत्पादन क्षपण करते आणि रंग येतो. पीएच १०.३५ च्या ०.१ मोलर कार्बोनेट बफरमध्ये ०.२५ मिलिमोलर एनबीटी घ्या. त्याच्या १ मिलिलिटरमध्ये ५० मायक्रोलिटर नमुना घाला, ३७ अंशाला ठेवा आणि ५३० नॅनोमीटरवर १० व्या व १५ व्या मिनिटाला वाचन घ्या. दोहोंतला फरक तुमचा आकडा. पहिली दहा मिनिटे सोडायची कारण थायोलसारखी झटपट क्षपण करणारी द्रव्ये तेवढ्यात संपतात. प्रमाण म्हणून डीएमएफ, म्हणजे १-डिऑक्सी-१-मॉर्फोलिनो-फ्रुक्टोज, चालते. त्याच लघुरूपाचा एक विद्रावक प्रयोगशाळेत असतोच, तेव्हा बाटलीवर पूर्ण नाव लिहा.

एजीईसाठी प्रथिन ०.५ ते १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरवर आणा, ३७० नॅनोमीटरला उद्दीपन द्या आणि ४४० ला फ्लोरेसन्स वाचा. ३७० वरचे शोषण ०.१ च्या आत ठेवा. त्याहून जास्त असले तर नमुना स्वतःचाच प्रकाश गिळतो, आणि जास्त ग्लायकेट झालेला नमुना कमी चमकताना दिसतो. सीएमएल (कार्बॉक्सिमिथाइल-लायसीन) सारखी काही एजीई चमकतच नाहीत, म्हणून सपाट रेषा दिसली तर एवढ्यावरून एजीई नाहीत असे म्हणू नका.

पहिल्या दोन आठवड्यांत एनबीटी चांगले वर जाते आणि फ्लोरेसन्स मागे रेंगाळते. या सेन्सरसाठी १४ व्या दिवसाचा नमुना घ्या. बोरॉनिक आम्ल साखरेच्या शेजारशेजारच्या दोन हायड्रॉक्सिल गटांना धरते. अमाडोरीत ते शाबूत असतात, सीएमएलमध्ये उरत नाहीत. जुना, तपकिरी नमुना जास्त संकेत देईलच असे धरून चालू नका.

इलेक्ट्रोड

सोन्याची चकती ०.३ आणि मग ०.०५ मायक्रॉन अल्युमिनावर घासा, पाण्यात सोनिकेट करा आणि ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात ० ते १.५ व्होल्ट (सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत) फेऱ्या द्या. एकावर एक बसणारे आलेख येईपर्यंत थांबायचे नाही. नंतर इथेनॉलमधल्या १ मिलिमोलर ४-मरकॅप्टोफिनाइलबोरॉनिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवा, इथेनॉलने धुवा, आणि १ मिलिमोलर मरकॅप्टोहेक्सॅनॉलमध्ये अर्धा तास ठेवा. ही दुसरी पायरी वगळू नका. अल्ब्युमिनमध्ये ३४ व्या स्थानी मोकळा थायोल गट असलेले सिस्टेइन आहे आणि ते उघड्या सोन्याला थेट चिकटते, साखर असो वा नसो. अर्ध्या तासाहून बराच जास्त वेळ ठेवले तर बोरॉनिक थरच विस्थापित होऊ लागतो.

मोजणीचा बफर: ०.२५ मोलर अमोनियम अॅसिटेट, ५० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, पीएच ८.५. बोरेट बफर नको, तो स्वतःच साखर पकडतो. इलेक्ट्रोडशी इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करणारे फेरो-फेरीसायनाइड (प्रत्येकी ५ मिलिमोलर, ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडसह) याच बफरमध्ये बनवा. ते पीएच ७.४ च्या खारट बफरमध्ये केले तर वाचन घेता घेताच बंध सुटू लागतात. हे द्रावणही आम्लाजवळ जाऊ देऊ नका.

इम्पिडन्स (प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) १०० किलोहर्ट्झ ते ०.१ हर्ट्झ, १० मिलिव्होल्ट. कोऱ्या इलेक्ट्रोडचा भारस्थानांतर-रोध (इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीला होणारा अडथळा) लागोपाठ तीन वाचनांत ५ टक्क्यांच्या आत स्थिरावला की नमुना लावा, ३० मिनिटे थांबा, त्याच बफरने धुवा आणि पुन्हा वाचा.

अंशांकनासाठी ग्लायकेटेड नमुना नुसता पातळ करत नेऊ नका. त्यात एकूण प्रथिनही कमी होत जाते, आणि तुम्ही साध्या चिकटण्याचा आलेख काढून बसता. ग्लायकेटेड आणि नियंत्रण बीएसए ०, १०, २५, ५०, ७५, १०० टक्के अशा प्रमाणांत मिसळा, एकूण प्रथिन कायम १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. शून्य टक्क्याच्या किमान पाच वाचनांचे प्रमाण विचलन गुणिले ३.३, भागिले रेषेचा उतार, ही शोधमर्यादा.

प्रत्येक मालिकेच्या शेवटी २०० मिलिमोलर सॉर्बिटॉल लावा. रोध कोऱ्या पातळीकडे परत आला तर बंध बोरॉनिकचा होता. आला नाही तर जे मोजले ते प्रथिनाचा चिखल होता, आणि उघडे सोने झाकणाऱ्या मरकॅप्टोहेक्सॅनॉलच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी लागेल.

रक्तद्रवाकडे वळताना दोन अडथळे येतात. मोकळे ग्लुकोज बोरॉनिक जागा अडवते, ते ३० किलोडाल्टनच्या गाळणीच्या नळीत तीनदा धुऊन काढा. आयजीजी (प्रतिपिंडांचा एक प्रकार) आणि ट्रान्सफेरिन (लोह वाहून नेणारे प्रथिन) यांवर विकरांनी बसवलेल्या साखरेच्या साखळ्या असतात, त्यांनाही बोरॉनिक आम्ल धरू शकते. म्हणून आधी अल्ब्युमिन वेगळे करा, किंवा पकडायला अल्ब्युमिनचे प्रतिपिंड आणि ओळखायला बोरॉनिक खूण अशी उलट रचना करा.