ऑल-वेदर रायडिंग जॅकेट घेताना एवढं बघाच
जॅकेट आरशासमोर उभं राहून नका ठरवू, बाईकवर बसा आणि हँडल धरून बघा, कारण उभं असताना फिट वाटणारी बाही बसल्यावर मनगटाच्या वर सरकते आणि मागून कंबरही उघडी पडते. कोपराचं आर्मर, म्हणजे आत बसवलेलं संरक्षक पॅड, हाताने फिरवून बघा, जागचं हललं तर पडल्यावर त्याचा काही उपयोग नाही. आर्मर लेव्हल २ चं, म्हणजे वरच्या सुरक्षा दर्जाचं, मिळालं तर तेच घ्या, धक्का जास्त शोषतं. आणि वॉटरप्रूफ लायनर, म्हणजे पाणी अडवणारं सुटं अस्तर, आतून असेल तर बाहेरचं कापड पाणी पिऊन जड आणि गार होतं, शिवाय भर पावसात जॅकेट काढून लायनर कोण लावत बसणार? मला तरी मेश (जाळीदार) जॅकेट आणि वरून घालायचा सैल रेनकोट हेच बरं वाटतं, उन्हात वारा लागतो, थंडीत आत एक थर्मल घातलं की झालं.