कान्हाच्या कुरणात बारशिंगा कसा पाहावा

मध्य प्रदेशातील कान्हा राष्ट्रीय उद्यानात नागपूरहून शिवनीमार्गे खटिया गेटने किंवा गोंदियाहून बालाघाटमार्गे मुक्की गेटने जाता येते. येणाऱ्या बहुतेकांची नजर वाघाच्या पाऊलखुणांवर खिळलेली असते, आणि ज्या बारशिंगा हरणाला या जंगलाने अक्षरशः नामशेष होण्याच्या टोकावरून परत आणले ते कुरणात चरत असताना जिप्सी त्याच्या शेजारून भरधाव निघून जाते. म्हणून बारशिंगा नीट पाहायचा असेल, तर तसे गाडीत बसण्यापूर्वीच गाईडला स्पष्ट सांगावे. एकदा वाघाची बातमी आली की कुरणापाशी थांबायला कोणी तयार होत नाही.

काळ निवडताना डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारीचा पूर्वार्ध धरावा. हा बारशिंग्यांचा माजाचा हंगाम असतो. या दिवसांत नर चिखलात लोळतात, शिंगांनी गवत उपटून तेच शिंगांवर मिरवतात आणि गाढवाच्या ओरडण्याची आठवण व्हावी असा आवाज काढतात. सकाळच्या फेरीत कुरणावर दव गोठलेले असते आणि उघड्या गाडीत बोटे बधिर होतात, त्यामुळे हातमोजे आणि कानटोपी विसरू नये. आरक्षण ऑनलाइन आणि बरेच आधी करावे, त्यात नोंदवलेलेच ओळखपत्र सोबत ठेवावे. बुधवारी दुपारची फेरी नसते आणि पावसाळ्यात उद्यान बंद असते.

ओळखण्याची खूण शिंगांत आहे. चितळ आणि सांबर यांच्या एका शिंगाला साधारणपणे तीनच टोके असतात. बारशिंग्याचे शिंग बुडाशी एक फाटा देऊन बरेच अंतर सरळ जाते आणि मग वरच्या भागात फुटते, त्यामुळे एका बाजूला पाच-सहा टोके मोजता येतात. मात्र उन्हाळ्यात ही शिंगे गळतात आणि नवी मखमली शिंगे वाढू लागतात. त्या दिवसांत टोके मोजत बसण्यापेक्षा जागा पाहावी, कारण सांबर झाडीला धरून राहते आणि बारशिंगा मोकळ्या गवतात.

गवत हेच त्याचे जवळजवळ सगळे अन्न आहे, आणि पाडसे लपतात तीही उंच गवतातच. उत्तर प्रदेशातील दुधवा आणि आसामातील काझीरंगा येथील त्याचे भाऊबंद दलदलीत राहतात, पण कान्हाच्या उपजातीचे खूर कठीण जमिनीला साजेसे आहेत. १९७० च्या गणतीत तिचे फक्त ६६ प्राणी उरले होते. त्यानंतर प्रजननासाठी कुंपण घातलेला सुरक्षित पट्टा राखला गेला आणि गावे हलवल्यावर त्यांच्या शेतांची कुरणे झाली. मुक्की भागातील सोंफचे कुरण पाहताना तिथे कधी काळी नांगर चालत होता, हे आठवावे. पुढे २०१५ पासून काही प्राणी सातपुडा व्याघ्र प्रकल्पातही नेण्यात आले, कारण सगळी उपजात एकाच कुरणाच्या भरवशावर ठेवणे धोक्याचे होते.

कुरणापाशी गाडीचे इंजिन बंद करावे आणि किमान वीस मिनिटे गप्प बसावे. कळप प्रथम माना वर करून पाहतो, मग एकेक मादी पुन्हा चरू लागते आणि त्यानंतरच नरांच्या हालचाली मोकळ्या होतात. गवतात गळलेले शिंग दिसले तरी खाली उतरू नये. ते उचलणे गुन्हा आहे, शिवाय साळिंदरे ती शिंगे कुरतडून खातात.