लघवी कपड्यात होतेय? म्हाताऱ्या माणसाला जपत गादी-सोफा कसा वाचवायचा

हे अचानक सुरू झालं असेल तर डायपर आणायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. युरिन इन्फेक्शन, पोट साफ नसणं, वाढलेली शुगर, प्रोस्टेट, लघवी जास्त करवणारी बीपीची गोळी, यातलं काहीही असू शकतं आणि बऱ्याचदा उपचाराने फरक पडतो. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

आणि प्लीज, पाणी तोडू नका! लघवी कमी व्हावी म्हणून खूप घरांत हेच करतात, पण त्याने लघवी घट्ट होते, मूत्राशय अजून चिडतं, घाई वाढते. दिवसभर नीट प्यायला द्या, फक्त झोपायच्या आधी दोन तास जरा कमी. दर 2-3 तासांनी "चला, जाऊन येऊ" म्हणून उठवायचं. "लागलीय का?" विचारलं की उत्तर "नाही"च येतं, माणूस संकोचतो हो. नाडीऐवजी इलॅस्टिकची पँट, बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा, चालणं जड असेल तर पलंगाशेजारी कमोड चेअर, एवढ्यानेही बरेच अपघात टळतात.

आता गादी. चारही बाजूंनी झाकणारं, चेनवालं वॉटरप्रूफ कव्हर घ्या, कारण वरून नुसतं प्लास्टिक अंथरलं तर ते सरकतं, आवाज करतं आणि अंगाला घाम येतो. त्यावर चादर, चादरीवर कमरेच्या जागी शोषून घेणारं अंडरपॅड. आणि यावर परत दुसरं वॉटरप्रूफ प्रोटेक्टर, परत चादर, परत पॅड, म्हणजे डबल अंथरूण. रात्री दोन वाजता ओलं झालं की वरचा अख्खा थर ओढून काढायचा, खाली कोरडं अंथरूण तयारच असतं, अर्धवट झोपेत चादरी शोधत बसावं लागत नाही. उशीलाही वॉटरप्रूफ कव्हर घाला. प्रोटेक्टर धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको आणि इस्त्री तर नकोच, त्याचा वॉटरप्रूफ थर खराब होतो.

सोफ्यावर त्यांची एक जागा ठरवून टाका, तिथे धुता येणारं वॉटरप्रूफ सीट पॅड आणि वर त्याच रंगाचं कापड, म्हणजे पाहुण्यांसमोर त्यांना कानकोंडं होत नाही.

तरी सांडलंच तर घासू नका, जुन्या टॉवेलने दाबून दाबून टिपा, मग गार पाणी. गरम पाणी किंवा स्टीमने डाग आणि वास उलट पक्का बसतो. त्यानंतर एन्झाइम क्लीनर (लघवीतले वास देणारे घटक तोडणारं द्रावण), ओल जितकी आत गेली तितकं आत जाईल एवढं, आणि बाटलीवर लिहिलेला वेळ खरंच थांबा. वरवर पुसलं की दमट हवेत वास परत येतो कारण युरिक ॲसिड आतच राहिलेलं असतं. लघवीवर ब्लीच कधीच ओतायचं नाही, लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो.

फर्निचरपेक्षा कातडी जपणं जास्त महत्त्वाचं. डायपरवर डायपर घालू नका, आतल्याचा मागचा थर वॉटरप्रूफ असतो त्यामुळे बाहेरच्यापर्यंत काही पोचत नाही, बाजूनेच गळतं. ओलं झालं की लगेच बदला, बायकांना पुढून मागे पुसा, टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइडचं क्रीम पातळ लावा. लाली दोन दिवसांत उतरली नाही किंवा साल निघायला लागली तर क्रीम बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवून घ्या.